सतरा टिकटिकींची बंदूक

साहेबांनी नवी कवळी बसवली आणि त्यापायी जावकरावांना बंदूक दुरुस्त करावी लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. संबंध शिट्टीचा होता.

ऑफिसच्या क्रीडादिनाला सगळ्यात शेवटी एक खुली शर्यत असे. कर्मचारी, त्यांच्या बायका, नवरे, मेहुणे, ज्याला पळता येईल त्याने पळावं. ही शर्यत दर वर्षी साहेबांच्या शिट्टीने सुटायची. यंदा दंतवैद्याने बजावलं होतं की शिट्टी फुंकलीत तर शर्यतीत सगळ्यांच्या पुढे कवळी असेल. त्यामुळे नियोजनाच्या बैठकीत मोठा पेच पडला. कुणी म्हणालं रुमाल हलवा. रुमाल लांबून दिसत नाही. कुणी म्हणालं थाळी बडवा. थाळी बडवून माणसं जेवायला पळतात. साहेबांनी कपाळाला हात लावला, आणि इतक्यात खोलीच्या अगदी टोकाकडून आवाज आला, "माझ्याकडे बंदूक आहे."

सगळ्यांनी माना वळवल्या. बोलणारे जावकराव होते, हे कळल्यावर काहींनी परत एकदा वळवल्या.

जावकरावांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथेच राहायचं. एकतीस वर्षं ते जावक विभागात होते. ऑफिसातून जो कागद बाहेर जाई, त्याला नंबर घालायचा, नोंदवहीत चढवायचा, पाकिटात घालायचा आणि पाठवून द्यायचा. कागद जात होते, जावकराव तिथेच होते. बैठकीत त्यांचं काम म्हणजे इतिवृत्त लिहिणं, आणि इतिवृत्त लिहिणारा माणूस बोलत नसतो. तो बोलला तर लिहिणार कोण?

बंदूक खरोखरच होती. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या अडगळीचा लिलाव झाला, त्याची यादी जावकरावांनीच टाइप केली होती. "वस्तू क्रमांक एक्केचाळीस: ठासणीची बंदूक, जुनी, नळी शिसं ओतून कायमची बंद, कळ मोडलेली." चाळीसही वस्तू गेल्या, एक्केचाळिसावी कुणी घेईना. यादीत एक ओळ रिकामी राहतेय हे जावकरावांना बघवलं नाही, म्हणून त्यांनी ती घेतली. तेव्हापासून ती कपाटामागे उभी होती आणि बायको तिच्यावर ओली पिशवी वाळत घालायची.

"गोळी?" साहेबांनी घाबरून विचारलं.

"नाही साहेब. नळी बंदच आहे. घोड्याखाली फक्त टिकली ठेवायची, पोरांच्या पिस्तुलात असते ती. घोडा आपटला की फाट! सगळ्या मैदानाला ऐकू जाईल."

"मग ठरलं," साहेब म्हणाले. "कार्यक्रमपत्रिकेत घाला. खुली शर्यत, प्रारंभ..." आणि त्यांनी जावकरावांचं पूर्ण नाव उच्चारलं. वडिलांच्या नावासकट! ते त्यांना माहीत होतं, हीच एक बातमी होती.

आजवर जावकरावांनी निदान तीनशे कार्यक्रमपत्रिका पाकिटात घातल्या असतील. फीत कापणारे, दिवा लावणारे, आभार मानणारे, सगळ्यांची नावं त्यांना पाठ होती. त्यात आपलं नाव असू शकतं हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते घरी चालत गेले की उडत, हे त्यांना नंतर आठवेना.

"अगं, ऐकलंस का?" त्यांनी दारातूनच हाक मारली. "छापून येणार आहे!"

"काय छापून येणार? आणि आधी चपला काढा."

सगळं ऐकून झाल्यावर बायको एवढंच म्हणाली, "पण ती मोडकी आहे ना?"

हा मुद्दा जावकरावांच्या ध्यानातून साफ निसटला होता. क्रीडादिन बारा दिवसांवर होता.

बंदूक कपाटामागून निघाली, पिशवी उतरली, जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं गेलं. बंदुकीची कळ म्हणजे काय, तर दस्त्याच्या बाजूला बसवलेली एक लोखंडी पट्टी. तिच्यावर तीन मुख्य भाग. टिकलीवर आपटतो तो घोडा. घोड्याला जोराने खाली आणते ती कमान. आणि चाप ओढेपर्यंत घोड्याला रोखून धरते ती खिट्टी. जावकरावांनी स्क्रू काढले आणि आनंदाची गोष्ट अशी की तिन्ही भाग बिघडलेले निघाले. आनंदाची अशासाठी, की एकच बिघडला असता तर कुठला ते शोधावं लागलं असतं. घोड्याचं तोंड उडालेलं, कमान मधोमध मोडलेली, खिट्टी झिजून गुळगुळीत.

वरच्या मजल्यावरचे मास्तर तेवढ्यात साखर मागायला आले. मास्तरांनी जन्मभर भूगोल शिकवला होता, त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचं मत असे. त्यांनी कमानीचा तुकडा उजेडात धरून पाहिला. "हे बघा, दुरुस्तीचं नंतर. आधी परवान्याचं विचारून घ्या. नाहीतर शर्यतीत तुम्ही पुढे आणि पोलीस मागे!" मग साखर घेऊन ते निघून गेले आणि जावकरावांची झोप सोबत घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून जावकराव परवाना कार्यालयात उभे राहिले. खिडकीपलीकडे एक सडपातळ कारकून पेन्सिलीला टोक काढत होता.

"चालते का बंदूक?" त्याने विचारलं.

"नाही. मोडलीय."

"मग ती बंदूक नाही. वस्तू आहे. वस्तूला परवाना लागत नाही. पुढचा!"

"पण मी दुरुस्त करणार आहे ना."

"अस्सं." पेन्सिल थांबली. "दुरुस्त झाली की ती बंदूक. मग परवाना लागणार. परवान्यासाठी ती इथे चालवून दाखवावी लागते."

"दाखवतो की."

"परवान्याशिवाय चालवलीत तर गुन्हा."

जावकराव त्याच्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे, कौतुकाने. एकतीस वर्षं नोकरी केलेला माणूस असा घोटीव नियम ओळखतो. हा नियम कुणीतरी रात्रंदिवस जागून रचला असणार. ते हळूच म्हणाले, "नळीत शिसं ओतलेलं आहे. पुढून आरपार उजेडसुद्धा जात नाही."

"अहो मग आधी सांगायचं ना!" कारकून जवळजवळ रडवेला झाला. "नळी बंद म्हणजे ती दुरुस्त झाली तरी वस्तूच!" आणि त्याने शिक्क्यासह लिहून दिलं: "सदर वस्तू ही वस्तू आहे." जावकरावांनी तो कागद दोनदा वाचला. त्यावर जावक क्रमांक घातलेला नव्हता, ही गोष्ट त्यांना खटकली, पण त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला.

कायदा खिशात आल्यावर छाती बाहेर काढून ते कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडे गेले. पिशवीतून पट्टी काढून त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "बंदुकीची कळ आहे, दुरुस्त..." पुढचा शब्द त्यांनी बंद शटरला सांगितला. आतून आवाज आला, "मी घरी नाहीये!" कागद शटरखालून सरकवावा असं त्यांच्या मनात आलं, पण शिक्क्याचा कागद असा जमिनीवरून सरकवणं त्यांच्या जिवावर आलं.

इथे जावकरावांनी आयुष्यातला पहिला मोठा निर्णय घेतला. खोटं बोलायचं. पण खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटंसुद्धा किती नीट बोलतो बघा! त्यांनी एक छोटी वही घेतली, रेघा मारल्या, रकाने पाडले आणि वर लिहिलं: कुणाला, काय सांगितलं, केव्हा मिळणार. म्हणजे पुढे विसंगती नको.

पट्टीसकट मोडकी कमान घड्याळजीकडे गेली. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून म्हणाला, "कुठलं म्हणायचं हे?"

"भिंतीवरच्या घड्याळाचं."

"असलं घड्याळ मी पाहिलं नाही कधी."

"सासऱ्यांनी दिलेलं आहे. लग्नात." हे वहीत आधी लिहिलेलं नव्हतं, तोंडातून आपोआप निघालं. जावकरावांना स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

घड्याळजीचा चेहरा एकदम मऊ झाला. "आहेत का सासरे?"

"नाहीत आता." हे मात्र खरं होतं.

"काळजीच करू नका. अशी करून देतो की तुमच्या नातवंडांना वेळ दाखवेल. शनिवारी या."

झिजलेली खिट्टी ऑफिसातल्या टाइपयंत्रवाल्याकडे गेली. त्याचं बाजारात दुकान होतं, आणि दर महिन्याला तो जुन्या यंत्रांना तेलपाणी करायला येई. त्याला सांगितलं की घरच्या टाइपयंत्राची आहे. त्याने ती बोटाने खालीवर केली आणि विचारलं, "याची घंटा कुठेय?"

"घंटा नाहीये."

"नाही कशी? ओळ संपली हे कळणार कसं माणसाला?" तो खरोखर दुखावला होता. "शनिवारी या."

उरला घोडा. तो सुताराकडे गेला, दारावर ठोकायचा ठोका म्हणून. सुताराने तो हातात तोलून पाहिला. "लोखंडी आहे. आवाज फार होईल. घरात दुपारी कुणी झोपतं का?"

"बायको झोपते की."

"मग ठीक. शनिवारी या."

तिघांनीही शनिवार सांगितला, याचं जावकरावांना नवल वाटलं नाही. कारागिरांच्या पंचांगात एकच वार असतो. क्रीडादिन त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी होता.

मधला आठवडा मोठा आनंदात गेला. कार्यक्रमपत्रिका छापून आली. जावकरावांनी दोनशे दहा पाकिटं स्वतः चिकटवली आणि प्रत्येक पत्रिका घालण्याआधी खालून चौथी ओळ वाचली. एक प्रत घरी नेली. बायकोने ती आरशाच्या चौकटीत खोचली, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी बूट घालून फिरायला जायला लागली. खुल्या शर्यतीत तिनेही नाव दिलं होतं. "तुम्ही सोडणार, मग मी काय बसून बघू?" ती म्हणाली. वाळत घालायच्या पिशवीला नवीन खिळा मिळाला. मास्तर रोज येऊन बंदूक कुठल्या कोनात धरावी याबद्दल सांगत, वाऱ्याची दिशा विचारात घेऊन.

शनिवारी दुपारी तिन्ही भाग आले. पट्टीत नवी कमान तर होतीच, शिवाय दातेरी चाकांची एक जोडीही होती. "सासऱ्यांची आठवण आहे, म्हणून घातली," घड्याळजी म्हणाला होता. खिट्टीला मुगाच्या दाण्याएवढी पितळी घंटा लटकली होती. घोड्याच्या तोंडाला जाड काळं रबर होतं, खिळे मारून, वरून सरस लावून. जावकरावांना जरा शंका आली, पण उत्साहाला शंकेचं वावडं असतं. स्क्रू बसले, कळ बसली, टिकली ठेवली गेली. बायको कानात बोटं घालून उभी राहिली.

जावकरावांनी घोडा मागे ओढला. "टिंग!"

त्यांनी चाप ओढला. टिक. टिक. टिक. घोडा खाली यायला निघाला, पण कसा, तर निवृत्त माणूस जिना उतरतो तसा. एकेका दात्यावर थांबत, विचार करत. टिक. टिक. आणि शेवटी तो टिकलीवर टेकला. आवाज झालाच नाही. टिकली बिचारी जशीच्या तशी.

बायकोने कानातली बोटं काढली. "झालं का?" आणि मग तिला जे हसू लोटलं, ते खुर्चीला धरूनही आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसता तिची नजर जावकरावांच्या चेहऱ्यावर गेली आणि ती एकदम थांबली.

जावकराव बंदूक मांडीवर घेऊन बसले होते. तिन्ही कारागिरांनी चोख काम केलं होतं. घड्याळाला हवी तशी कमान, टाइपयंत्राला हवी तशी खिट्टी, दुपारच्या झोपेला हवा तसा ठोका. एकानेही फसवलं नव्हतं. वही उघडी पडली होती आणि तिच्यात कुणी कुणाला फसवलं ते रकान्यांत नीट लिहिलेलं होतं.

त्यांनी रबर काढायचा प्रयत्न केला. चाकू वाकला, रबर हललं नाही. शेवटी ते कारागिरांकडे परत गेले, पण शनिवार संपत आला होता आणि तिन्ही दुकानांना कुलूप होतं. मास्तरांनी सुचवलं की ताप आल्याचं कळवा.

"पत्रिकेत नाव आलंय," जावकराव म्हणाले. "दोनशे दहा पाकिटं गेलीत."

बायको जवळ येऊन बसली. "परत ओढा बघू चाप. मी मोजते."

टिकटिकी सतरा होत्या. दहा वेळा ओढला, दहाही वेळा सतराच. घड्याळजी माणूस खरा! "मग झालं तर," बायको म्हणाली. "सतराव्याला मी पत्र्याचा डबा आपटते."

"नको. तू पळायचंस. बंदूक माझी आहे." एवढं ते बोलले खरे, पण पुढे काय करायचं हे त्यांना मुळीच माहीत नव्हतं.

रविवारी मैदान फुलून गेलं होतं. आधीच्या शर्यती झाल्या, पोत्यात पाय घालून पळणारे पडले, दोरीखेचीत दोरी तुटली. ध्वनिक्षेपकावरून जावकरावांचं नाव पुकारलं गेलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. इस्त्रीचा शर्ट घातलेले जावकराव बंदूक घेऊन पांढऱ्या रेषेकडे निघाले तेव्हा ते मनात सतरापर्यंत मोजत होते, आणि खोटं कशाला सांगा, आतून त्यांना विलक्षण आनंदही होत होता. इतकी माणसं आपल्याकडे बघतायत! रेषेवर तीस जण वाकले होते. त्यांत बायको, पदर खोचून, पायांत बूट.

आणि प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत त्यांना तिघे दिसले. टाइपयंत्रवाला तर ऑफिसचाच म्हणायचा. घड्याळजीचा जावई हिशेब विभागात होता. सुताराने सकाळी व्यासपीठ उभारलं होतं, आणि आपण उभारलेलं व्यासपीठ टिकतं का, हे बघायला तो थांबला होता.

जावकरावांनी घोडा ओढला. "टिंग!"

बारा जण सुटले. त्यांना हाका मारून, एकाला तर पार मैदानाच्या टोकावरून, परत आणावं लागलं. गर्दीतून टाइपयंत्रवाला उठून उभा राहिला. "अहो, ती माझी घंटा आहे!"

जावकरावांनी तिकडे पाहिलं नाही. हात वर केला. चाप ओढला. टिक. टिक. टिक. मैदान शांत झालं. पाच. सहा. वाकलेली माणसं वाकलेलीच. सात. "थांबा, थांबा," घड्याळजी पुढे आला, "ही सासऱ्यांची कमान ना?" नऊ. दहा. सुतार डोळे बारीक करून बघत होता. "हा ठोका दारावरचा होता ना?" बारा. साहेब खुर्चीत पुढे झुकले. रेषेवर कुणाच्या तरी पायात गोळा आला. चौदा. जावकरावांच्या कपाळावरून घाम ओघळला. पंधरा. त्यांची नजर बायकोकडे गेली. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती. सोळा.

सतरा. घोडा टिकलीवर टेकला, अगदी हलकेच, मांजर उशीवर उतरावं तसा.

आणि एकतीस वर्षं दुसऱ्यांचं म्हणणं नंबर घालून बाहेर पाठवणाऱ्या माणसाच्या आतून पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी बाहेर पडलं.

"ठोऽऽऽ!"

तो आवाज त्यांचा आहे हे कुणाला खरंच वाटलं नाही, त्यांना स्वतःलाही नाही. झाडावरचे पक्षी उडाले. तीसच्या तीस माणसं एकदम सुटली. मंडपाचा एक बांबू निसटला. साहेब इतके दचकले की त्यांचं तोंड उघडलं आणि कवळी खाली पडली, म्हणजे जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती शेवटी पडलीच. पण त्या गडबडीत ती साहेबांखेरीज कुणाच्या लक्षात आली नाही, आणि साहेबांना बोलता येत नव्हतं.

शर्यतीत जावकरावांची बायको दुसरी आली. पहिली आली असती, सुटताना ती सगळ्यांच्या पुढे होती, पण ती मागे वळून वळून नवऱ्याकडे बघत पळत होती.

तिघा कारागिरांनी जावकरावांना घेरलं. खोटं बोलल्याचा राग कुणाला नव्हता, राग वेगळाच होता. "अहो, बंदुकीची आहे असं सांगितलं असतंत तर मला पाच मिनिटांचं काम होतं!" घड्याळजी तळमळून म्हणाला.

"घंटा लावलीच नसती मी," टाइपयंत्रवाला म्हणाला.

सुतार बंदुकीकडे बघत म्हणाला, "रबर मात्र चांगलं बसलंय. आणा उद्या, तिघं मिळून नीट करून देतो."

जावकरावांनी मान हलवली. बोलायचा प्रयत्न केला, पण आवाज पार बसला होता. त्यांनी खिशातून ती छोटी वही काढली, मागच्या पानावर लिहिलं, "माफ करा. आता गरज नाही," आणि ती तिघांपुढे धरली. शेवटी तिघांचे हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते.

सोमवारी ते नेहमीच्या वेळी ऑफिसात गेले. घसा अजून बसलेलाच होता, पण जिन्यात भेटला तो प्रत्येक जण त्यांना पूर्ण नावाने हाक मारत होता. त्यांनी जावक नोंदवही उघडली, शाईपेन घेतलं, आणि इकडे तिकडे बघून पहिल्याच ओळीत नोंद केली. क्रमांक घातला. विषय: ठो. प्रति: सर्वांस. पाठवणार, या रकान्यात त्यांनी एकतीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. मग शेवटच्या रकान्याशी ते क्षणभर थांबले आणि तिथे सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: पोहोच मिळाली.